जन्मगावाचा रकाना

माझ्या नातवंडांना वाटतं, आजी पहिल्यापासूनच हुशार असणार. वाटू द्यावं, त्यानं माझं काही बिघडत नाही. पण खरं सांगायचं तर वयाच्या सव्विसाव्या वर्षी माझ्याएवढी मूर्ख बाई अख्ख्या उमरग्यात दुसरी नव्हती, अन् स्वतःला माझ्याएवढी शहाणी समजणारीही नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखानं राहत होत्या. जागा भरपूर होती.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा आठ-दहा वर्षं झाली असतील. आमचे हे सरकारी दवाखान्यात कंपौंडर होते. राज्य बदललं, कचेरीतले कागद मराठीत आले, पण ह्यांच्या बाटलीवरची चिठ्ठी उर्दूतच राहिली. शिक्षणच त्या भाषेत झालेलं, हात दुसरीकडं वळत नसे. ती चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून कुणाचं औषध चुकलं असं मात्र झालं नाही, कारण बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली असे. एका वेळी एक दात प्यायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्हाला एक मुलगी. पोटची नव्हे. लग्नाला आठ वर्षं होऊन गेली तरी माझी कूस उजवली नव्हती, आणि तिकडं तामलवाडीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला चार मुलींच्या पाठीवर पाचवी मुलगी झाली. बहीण बाजेवरून उठलीही नव्हती, तेव्हाच मला म्हणाली, "हिला तू ने. माझ्यापाशी चार हायत, तुझ्यापाशी एकबी न्हाय. ह्यात इचार काय करायचा?" विचार कुणीच केला नाही. पोर सहा महिन्यांची झाली तेव्हा चार माणसांदेखत बहिणीनं ती माझ्या ओटीत घातली, आणि तिला घेऊन मी परंड्याला आले. ह्यांची नोकरी तेव्हा परंड्यात होती. तिथं सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

पोर दोन वर्षांची असताना ह्यांची बदली उमरग्याला झाली. इथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, "लेक तुमच्यावरच गेलीया हो," आणि मी म्हणाले, "व्हय की." एवढंच झालं. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण ते "व्हय की" मला इतकं गोड लागलं, की पुढं प्रत्येक वेळी मी तेच म्हणत गेले. म्हणता म्हणता त्याचं गुपित झालं, आणि एकदा गुपित झाल्यावर त्याची भीती वाटायला लागली. भीती एकच. पोरीला कळलं, तर ती मला आई म्हणायची थांबेल. मावशी म्हणेल. कारण नात्यानं मी तिची मावशीच होते, आणि जिला ती मावशी म्हणत होती ती तिची जन्मदाती होती. नुसती हाक इकडची तिकडं झाली की माझं घर रिकामं, असं मला वाटे.

आणि अशात शाळेत नाव घालायची वेळ आली.

त्या काळी जन्माचा दाखला कुणापाशी असायचा? मुलानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवायचा. कान धरता आला की सहा वर्षं पूर्ण. आमची पोर बुटकी. हात टाळूच्या पलीकडं जायचा, पण कानाच्या वर बोटभर अंतरावर अडायचा. मी रोज सकाळी तिच्या दंडाला कोमट तेल चोळून हात ओढत बसायची. हे एकदा कामावर निघता निघता थांबून बघत राहिले.

"काय चाललंय?"

"हात पोचत न्हाय कानाला."

"हात लांब करायचं मिक्श्चर आमच्याकडं न्हाय," हे म्हणाले. "आलं की पहिली बाटली घरी आणतो."

शाळा कुठली, हा प्रश्न ह्यांच्या मते नव्हताच. कचेरीमागं सरकारी शाळा होती, घरापासून हाकेच्या अंतरावर. शेजारी बांगडीवाल्यांचं घर होतं, त्या घरातल्या थोरल्या बाईंना सगळी गल्ली आपा म्हणायची. त्यांची तिन्ही मुलं त्याच शाळेत होती. एका अंगाला उर्दूचे वर्ग, दुसऱ्या अंगाला मराठीचे. आपा म्हणाल्या, "घाल की तिथंच. माझ्या पोरांसंगं जाईल, पोरांसंगं येईल. त्यात एवढं काय सोचतीस?"

तर एका सकाळी पोरीची घट्ट वेणी घालून मी तिला त्या शाळेत घेऊन गेले.

हेडमास्तर जुन्या राज्यातले. भर उन्हाळ्यात शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आयुष्यभर उर्दू लिहिलेलं, त्यामुळं मराठी लिहिताना कलम आधी उजव्या कडेला टेकायचं, मग त्यांना आठवायचं, आणि हात सावकाश डावीकडं यायचा. पुढ्यात दाखल-खारिजचं लांबरुंद रजिस्टर. मुलीचं नाव, बापाचं नाव, जात. मी पटापट सांगत होते. जन्मतारीख त्यांनी विचारलीसुद्धा नाही, आपल्या मनानं जूनची पहिली टाकली. त्या शाळेतली सगळी मुलं जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेली होती.

मग ते म्हणाले, "जन्मगाव?"

हा रकाना असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तामलवाडी म्हणावं तर ते कायमचं लिहिलं जाणार. आज ना उद्या पोरीला वाचता येणार, आणि ती विचारणार, मी तामलवाडीत जन्मले तर तू तेव्हा कुठं होतीस? हा सगळा विचार माझ्या डोक्यातून एका क्षणात गेला, आणि जाताना उरलीसुरली अक्कलही घेऊन गेला.

"उमरगा," मी म्हणाले.

हेडमास्तरांनी मान वर केली. चष्मा काढला.

"आपल्या कंपौंडर साहेबांचीच ना ही लेक?"

"व्हय."

"कंपौंडर साहेब तर परंड्याहून चार वर्षांखाली आले इथं. माझ्या गुडघ्याला पहिलं तेल त्यांनीच दिलं."

"व्हय."

"अन् लेकरू सहाचं."

"व्हय," मी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तेव्हा कुठं मला हिशेब लागला. एवढ्यात पोरीनं आपणहून हात डोक्यावरून टाकला. मी झडप घालून तो हात धरला. "न्हाय पोचत, साहेब! सहाची नसंल ती. पाचाचीच असंल. पुढच्या महिन्यात आणते."

"बाई, पाचाची धरली तरी..." ते म्हणत होते. पण तोवर मी पोरीला ओढत फाटकाबाहेर गेले होते.

वाटेत पोर म्हणाली, "आई, माझा हात पोचला होता की. तू वढलास म्हणून सुटला."

ह्यांना मी सांगितलं, त्या शाळेजवळून हैदराबादच्या ट्रका जातात, पोरीला धोका आहे. हे म्हणाले, "दवाखान्यापुढनंबी जातात. मी जातो की रोज." मी म्हणाले, "तुमचं निराळं." त्यांनी काही विचारलं नाही. ह्यांची ही वाईट खोड होती. माणूस खोटं बोलत असलं की ते गप्प बसायचे, आणि मग त्या माणसाला आपलंच बोलणं कानात ऐकू येत राहायचं.

दुसरी कन्याशाळा. तिथल्या मुख्य बाई नऊवारीतल्या, भारदस्त, आणि बाईमाणूस म्हणून बाईला समजून घेतील असा माझा होरा. या वेळी मी तयारीनं गेले. जन्मगाव परंडा सांगायचं. तिथं आमचं बिऱ्हाड होतंच, वर्षांचा मेळ बसत होता. स्वतःवर इतकी खूष होते की दारातच चप्पल विसरावी तशी भीती विसरून आत गेले.

"जन्मगाव?"

"परंडा."

"परंडा माहेर का तुमचं?"

"न्हाय, माहेर सोनारी. परंड्याला ह्यांची नोकरी व्हती."

बाईंनी लेखणी थांबवली. कोपऱ्यात झाडणारी आया होती, तिचा झाडूही थांबला.

"अगं बाई! पहिलटकरणीला माहेरी नेलं न्हाय?"

आता हे बघा. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सातवा लागला की गाडी येते आणि लेकीला घेऊन जाते. नेलं नाही म्हणजे एक तर माहेरी कुणी उरलं नाही, नाहीतर मोठं भांडण झालेलं. हे माझ्यासारख्या सोनारीच्या लेकीला ठाऊक नसेल? पण बाळंतपण कधी माझ्या वाट्याला आलं नाही, त्यामुळं खोटं रचताना ते ध्यानातच आलं नाही. लुगड्याचा रंग, बोळक्याचा आकार, सगळं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. नेमकं एवढंच राहिलं.

"अन् परंड्याहून सोनारी ती किती लांब!" आया म्हणाली. "पायी गेलं तरी पोचतंय माणूस."

"न्यायचंच व्हतं," मी म्हणाले. "पण सातव्यातच झाली."

दोघींनी माझ्या पोरीकडं बघितलं. उंचीनं बुटकी, पण गाल असे की टोचले तर दूध निघेल.

"ही सातमाशी?" बाई म्हणाल्या.

"लई जपली."

"किती दिस अडला होतात?" आयानं झाडू भिंतीला टेकवला आणि खाली बसकण मारली. बाळंतपणाची गोष्ट निघाली की बाईमाणूस बसतंच.

मी कधी कळ सोसली नव्हती. बहिणीच्या आधीच्या एका बाळंतपणात तिच्या उशाशी बसले होते तेवढंच. पण घाबरलेला माणूस कंजूषपणा करत नाही. "तीन दिवस," मी म्हणाले.

"अरे देवा! सातमाशीला तीन दिवस? मग?"

"मग काय. चवथ्या दिवशी उठून आडावरनं पाणी शेंदलं."

हे मी मोठ्या रुबाबात म्हणाले. काटक बाई म्हणून वाहवा होईल असं वाटलं होतं. दोघी एकमेकींकडं बघू लागल्या. दहा दिवस बाळंतीण पाण्याला शिवत नाही, सोयर असतं. आडावर गेली तर गाव आड उपसून काढेल. मी मात्र सगळ्या परंड्याला बाटवून आले होते.

"कुठल्या आडावरनं?" आयानं हळूच विचारलं.

मी उठले. "बाई, तुमच्या शाळंतलं पाणी खारट हाय म्हणत्यात. पोरीला सोसायचं न्हाय," असं काहीतरी पुटपुटत बाहेर आले. मागून आयाचं हसू ऐकू आलं नाही, म्हणजे तिनं पदर तोंडात कोंबला असणार.

तिसरी शाळा मीच शोधून काढली आणि त्याचा मला फार अभिमान होता. गावाच्या पार टोकाला मारुतीचं देऊळ, तिथल्या ओसरीवर एक म्हातारे गुरुजी दहा-बारा पोरं घेऊन बसायचे. सरकारचा त्यांच्याशी संबंध नव्हता. रजिस्टर नव्हतं. जन्मगाव राहू द्या, त्यांनी पोरीचं नावही विचारलं नाही. "बसव तिथं," म्हणाले आणि खांबाला टेकून डोळे मिटले.

मला इतका आनंद झाला की मी मारुतीला नारळ फोडला.

रोज मी पोरीला तिथं सोडायची, रोज आणायची. ऊन असायचं, अंतर मोठं, पण मी तरंगत जायची. आपांनी विचारलं, "घराजवळची शाळा सोडून इतक्या लांब? क्या गे, डोकं ठिकाणावर हाय ना?" मी म्हणाले, "तिथं देवाचं वारं लागतं." आपांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि बांगड्या पुसायला लागल्या. तेव्हा मला वाटलं, त्यांना पटलं.

दहाएक दिवस असे गेले. एका रविवारी ह्यांनी पोरीला जवळ घेतलं, पाटी तिच्या मांडीवर ठेवली. "काय काय शिकलीस, दाव बरं. 'आई' लिही."

पोरीनं पेन्सिल हातात घेतली, पाटीकडं बघितलं, आणि म्हणाली, "ते अजून न्हाय झालं."

"मग काय झालं?"

"तुरीच्या डाळीतले खडे काढायचं. गुरुजींची डाळ मी निवडते. दुसऱ्या पोरींपेक्षा माझी लवकर व्हती." ती एवढ्या ऐटीत म्हणाली की मला एकदम तिचा अभिमान वाटला. "अन् गुरुजी उठायच्या आधी घोरायचं थांबत्यात. ते मला वळखतं."

ह्यांनी पाटी कोरीच होती तरी हातानं पुसली. पोरीला खेळायला पाठवलं. मग मला म्हणाले, "ही शाळा कुणासाठी बघितलीस? तिच्यासाठी का तुझ्यासाठी?"

मी स्वयंपाकघरात गेले. भाकरी थापायला घेतली. ती परातीतच फाटली, दुसरी घेतली तीही फाटली. हे दारात येऊन बसले होते. शेवटी मी सांगून टाकलं. रजिस्टर, रकाना, परंडा, तो आड, सगळं. आडाचं ऐकताना ह्यांच्या मिशा हलल्या, पण हसले नाहीत.

"तिला वाचता आलं की ती वाचंल," मी म्हणाले. "अन् मला मावशी म्हणंल."

म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. मी पोरीसाठी शाळा शोधत नव्हते. तिला वाचता येऊ नये अशी जागा शोधत होते, आणि ती मला सापडलीही होती. त्यासाठी मी नारळ फोडला होता! आज या गोष्टीला सगळे हसतात, मीही हसते, पण त्या चुलीपुढं मला हसू आलं नव्हतं.

"उद्या मी येतो शाळेत," हे म्हणाले. "कुठलं गाव सांगू?"

"उमरगा न्हाय अन् परंडा न्हाय. दुसरं कायबी सांगा."

"दुसरं म्हणजे तामलवाडी."

"ते सोडून."

"मग भूम सांगू?" त्यांनी चेष्टेत म्हटलं. पण बुडणाऱ्या माणसाला चेष्टा कळत नाही. मी मनात भूम धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कचेरीमागच्या शाळेत गेलो. प्रार्थना संपून मुलं वर्गात जात होती. हेडमास्तरांनी ह्यांना खुर्ची दिली, गुडघ्याची हकिकत सांगितली, मग रजिस्टर उघडलं. आमच्या पोरीची ओळ तशीच होती. नाव, बापाचं नाव, जात, जूनची पहिली, सगळं भरलेलं. मधला एक रकाना कोरा. त्यांनी ती ओळ खोडली नव्हती, की दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

"एवढंच राहिलंय," ते म्हणाले. "जन्मगाव?"

ह्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी म्हणाले, "भूम!"

हेडमास्तरांनी कलम खाली ठेवलं. ह्यांनी छताकडं बघितलं. बाहेर कुणीतरी दोनाचा पाढा म्हणत होतं, तो सुद्धा मला माझ्यावरच चाललाय असं वाटलं.

आणि मग आमची पोर, जी माझ्या पदराला धरून उभी होती, ती पुढं झाली. तिनं टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "साहेब, आई खोटं न्हाय बोलत. तिला म्हाईत न्हाय. ती तवा तिथं नव्हती."

मग तिला वाटलं, अजून नीट सांगायला पाहिजे.

"मी तामलवाडीला झाले. तिथं बाजंखाली कोपऱ्यात माझी नाळ पुरलीया. मावशीनं दावलीय मला. मग मी मोठी झाले अन् आई आली, गाडी घेऊन. मग तिनं मला आणलं."

"मोठी म्हणजे किती?" हेडमास्तरांनी तेवढ्याच गंभीरपणे विचारलं.

"सहा महिन्यांची."

"बरोबर," ते म्हणाले. कलम उचललं, उजव्या कडेला टेकलं, थांबले, डावीकडं आणलं आणि लिहिलं, तामलवाडी. माझ्याकडं बघितलंही नाही.

शाई वाळल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. "वाचता येतं ना बाई?"

मी चौथी झालेली होते. मान हलवली.

"मग हा रकाना वाचा. वरपासून."

मी वाचू लागले. मुरूम. नळदुर्ग. आळंद. गुंजोटी. लोहारा. कल्याणी. परत मुरूम.

"ही सगळी पोरं इथली, उमरग्याची. ह्यांच्यात उमरग्याला जन्मलेलं एक दाखवा मला." मी पान उलटलं. पुढच्या पानावर एक होतं. "त्याची आई इथलीच, चौथ्या गल्लीतली. लेकरं आजोळी होतात, बाई. तुम्ही पहिल्याच दिवशी तामलवाडी म्हणाला असता, तर मी समजलो असतो, तामलवाडी तुमचं माहेर असंल. अन् पुढचा रकाना विचारला असता."

म्हणजे खरं सांगितलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मी लपवायला गेले आणि सगळ्या गावाला दाखवून आले. अशी अक्कल विकत मिळत नाही, ती घरचीच असावी लागते.

"आता कान धर बेटी," हेडमास्तर म्हणाले. पोरीनं हात टाकला. मी माझे दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिले. कान धरला गेला. नुसता धरला नाही, तिनं तो जरा पिळूनही दाखवला.

हे दवाखान्यात गेले. पोरीला वर्ग दुसऱ्या दिवसापासून, म्हणून मी तिला घेऊन घरी निघाले. वाटेत ऊन तापलं होतं. शेवटी माझ्यानं राहवेना.

"तुला कवापासून म्हाईत?"

"लई दिसांपासनं. मागल्या दिवाळीला नाळ दावली की मावशीनं. त्याच्या आधी तिथली ताई म्हणाली व्हती."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"तुला म्हाईतच असंल की. तूच आणलंस." ती एका पायावर उडी मारत चालली होती.

बहिणीचा मला राग आला, पण तो दोन पावलंही टिकला नाही. हे लपवायचं आहे असं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी त्यात लपवायचं काय होतं? पोर आली, तिला तिची जागा दाखवली.

मी थांबले. "मग तू मावशीला काय म्हणतीस?"

"मावशी."

"अन् मला?"

पोर थांबली. तिनं मान वर करून माझ्याकडं नीट निरखून बघितलं. मग माझ्या हाताला हात लावला, दवाखान्यात ह्यांना आजाऱ्याच्या हाताला लावताना बघितलं होतं तसा. "आई, तुला ऊन लागलं का?"

दारात आपा उभ्या होत्या. "झालं का नाव?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, झालं, आणि तिथंच ओट्यावर बसून मला रडू फुटलं. त्यांना सगळं सांगितलं. आपा ऐकत राहिल्या, मधून मधून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि माझं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "अगे, आम्हाला दोन साल झाले मालूम. माझ्या पोरीला सांगितलं तिनं. नाळेचं बी सांगितलं आत्ता दिवाळीनंतर."

"मग तुम्ही बोलला का न्हाय?"

"तू लपवत होतीस. मी म्हटलं, लपवू दे बिचारीला. तुला त्यात मजा येत असंल."

पोर त्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. पहिला शब्द तिनं 'आई' लिहिला नाही, 'डाळ' लिहिला, आणि तो मला आणून दाखवला. मारुतीच्या गुरुजींकडं मी एकदा जाऊन आले, न सांगता पोर काढून नेली, ते खोटं सांगितल्यासारखं वाटत होतं म्हणून. त्यांना आम्ही कधी गेलो तेही कळलं नव्हतं. कन्याशाळेच्या वाटेनं मात्र मी कित्येक वर्षं गेले नाही. ती आया बाजारात दिसली की मी दुसऱ्या दुकानात शिरायची. एकदा तर लोहाराच्याच दुकानात शिरले आणि गरज नसताना विळा घेऊन आले.

पुढं तिचं लग्न झालं, तुळजापूरच्या बाजूला. तिथून तामलवाडी जवळ, उमरगा लांब. तिला दिवस गेले तेव्हा माझी जुनी भीती परत आली. पहिलं बाळंतपण माहेरी. पण माहेर कुठलं? बहिणीचं पोस्टकार्ड आलं, तिकडची गाडी पाठवते म्हणून तिनं लेकीला विचारलं होतं. मी कार्ड वाचलं आणि फडताळात ठेवलं. ह्यांना दाखवलं नाही. आता शहाणी झाले होते ना, म्हणून तोंडानं काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त सातवा लागला त्या आठवड्यात मी रोज एसटीच्या स्टँडवर भाजी आणायला जात होते. स्टँडवर भाजी मिळत नसे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती उतरली. ट्रंक, वळकटी, पुढं आलेलं पोट. मी ट्रंक उचलली. तीच म्हणाली, "अशी काय बघतीस? मावशीला सांगितलंय मी, मी आईकडं चाललेय. बाजेखालचा पसारा काढलायस ना?" काढला होता. चार महिन्यांपूर्वीच काढला होता.

नात झाली. कळा एकच दिवस सोसाव्या लागल्या, आणि दहा दिवस मी तिला पाण्याला शिवू दिलं नाही. नाळ ह्यांनी स्वतः पुरली.

ती नात सहा वर्षांची झाली तेव्हा मी तुळजापुरात होते. जावयाला रजा नव्हती, लेकीला काम होतं, म्हणून शाळेत मी गेले. आता कान धरावा लागत नव्हता, दाखला लागत होता. तरुण कारकून होता, मान खाली घालून भराभर लिहीत होता.

"जन्मगाव?"

"उमरगा," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली नाही. लिहिलं आणि पुढचा रकाना विचारला.

मी पुढच्या रकान्याचं उत्तर दिलं नाही. "ऐकू आलं ना?" मी म्हणाले. "उमरगा. आजोळ हाय तिचं. माझं घर."